आरएक्स १००चं गिअर ऑइल: नव्वद नंबर, फोरस्ट्रोक की तिसरंच काही?

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

मंडळी, नमस्कार. मामांची १९९३ची यामाहा आरएक्स १०० दिवाळीपासून माझ्याकडं आहे. बोअरचं काम झालंय, कार्बोरेटर साफ केलाय, अर्ध्या किकला सुरू होते. दुखणं आहे ते गिअरबॉक्सचं.

मागच्या महिन्यात इथल्या एका मिस्त्रीनं गिअर ऑइल बदललं. "नव्वद नंबर घातलंय, आता बघायचं काम नाही," म्हणाला. तेव्हापासून सकाळी क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला तरी 'खाड्' करून गाडी हातभर पुढं उडी मारते. सिग्नलला न्यूट्रल शोधेपर्यंत हिरवा लागतो. आणि हायवेला चौथ्यात मूठ पिळली की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी तेवढी पळत नाही.

दुकानात गेलो तर त्यानं चार डबे काउंटरवर मांडले, जाडीचे नंबर वेगवेगळे: २०डब्ल्यू४० फोरस्ट्रोक, स्कूटरचं १०डब्ल्यू३०, कारचं ५डब्ल्यू३० फुल सिंथेटिक आणि ८०डब्ल्यू९०. "कुठलंबी घाला, तेल ते तेल." नव्वद नंबर तर सध्या पोटात आहेच. बाकीच्या तिन्हींतलं काय घालू? आणि गाडी टूस्ट्रोक असताना फोरस्ट्रोकचं तेल कशाला, हे पण कुणीतरी नीट समजावून सांगा.

तिसरा_कप (पुणे)

गाडीबरोबर एक पुस्तक मिळतं. त्यात 'ट्रान्समिशन ऑइल' नावाचं एक पान असतं. बाकी चालू द्या.

पंचगंगाकाठ

पुस्तक मामांनी कधीच हरवलंय. तुमच्याकडं असेल तर त्या पानाचा फोटो टाका की.

तिसरा_कप

माझ्याकडे स्प्लेंडर आहे.

गॅरेज_मिरज

भावा, पुण्याच्या काकांकडं लक्ष देऊ नको. तरी पुस्तकाचं ते बरोबर बोलले. आपल्याकडं आरएक्सच्या पुस्तकात २०डब्ल्यू४० लिहिलेलं असायचं, ऑइल बदलताना साधारण ६५० मिली. इंजिन पूर्ण खोललं असेल तर थोडं जास्त बसतं.

टूस्ट्रोकला फोरस्ट्रोकचं का? तर या गाडीत तेलं दोन आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. २टी (टूस्ट्रोक) ऑइल पेट्रोलबरोबर जळून सायलेन्सरमधून बाहेर जातं. क्रँक, पिस्टन, बेअरिंग त्याच्यावर. क्रँककेसच्या उजव्या अंगाला झाकणाच्या आत क्लच आणि मागं गिअर, त्यांना वेगळं तेल. ते जळत नाही, बदलेपर्यंत तिथंच फिरत राहतं. आणि फोरस्ट्रोक बाइकमध्ये इंजिन, क्लच, गिअर सगळ्यांना एकच तेल असतं, म्हणजे ते तेल क्लचला चालेल असंच बनवलेलं असतं. म्हणून तुझ्या गिअरबॉक्सलाही तेच चालतं. टूस्ट्रोक आहे म्हणून कुणी २टी तेल गिअरबॉक्समध्ये ओतलेलंही बघितलंय. ते करू नका.

पण तेल बदलायच्या आधी क्लच केबल बघ. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर ढिलाई पाहिजे. अजिबात नसेल तर क्लच सतत थोडा दाबलेला राहतो आणि स्लिप मारतो. जास्त ढिलाई असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, न्यूट्रल लागत नाही. निम्म्या लोकांचा 'ऑइलचा प्रॉब्लेम' ॲडजस्टरवरच सुटतो. तुझ्यात दोन्ही तक्रारी एकदम आहेत, त्यामुळं नुसत्या केबलचं काम वाटत नाही.

बुलेटकाका (सातारा)

नव्वद नंबरला नावं ठेवू नका. माझ्या कास्ट आयर्न बुलेटच्या गिअरबॉक्समध्ये वर्षानुवर्षं नव्वदच आहे. गिअर लोण्यासारखे पडतात. आजकालच्या पोरांना डब्यावर इंग्रजी लिहिलेलं असलं की तेल भारी वाटतं. गिअरबॉक्सला गिअर ऑइल घालायचं नाही तर काय खोबरेल घालायचं?

केमिकल_लोचा (सिल्वासा)

काका, तुमच्या बुलेटबद्दल तुमचं १०० टक्के बरोबर. तिथे नव्वद का चालतं तेच या धाग्याचं उत्तर आहे. जुन्या बुलेटमध्ये तेलाची घरं तीन: इंजिनाचं वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं आणि डाव्या बाजूच्या प्रायमरी चेनकेसचं (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या घराचं) वेगळं. क्लच कुठे आहे? चेनकेसमध्ये. गिअरबॉक्सच्या नव्वदमध्ये क्लच बुडतच नाही. त्याच्या आधी तर अल्बियन कंपनीच्या त्या बॉक्समध्ये पातळ ग्रीस भरायची पद्धत होती, कारण पेटी तेल धरून ठेवायची नाही. आता हेच नव्वद चेनकेसमध्ये ओता आणि मग बघा.

आरएक्समध्ये क्लच आणि गिअर एकाच तेलात. सगळा फरक एवढाच.

मी ल्युब्रिकंट ब्लेंडिंगमध्ये आहे (कंपनी विचारू नका, सांगणार नाही), तर थोडं सविस्तर लिहितो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचावा.

वेट क्लच म्हणजे फ्रिक्शन प्लेट आणि स्टील प्लेट एकाआड एक रचलेल्या, स्प्रिंगांनी दाबलेल्या, आणि सगळा गठ्ठा तेलात. तेलाकडून इथे दोन उलट कामं हवी असतात. गिअरच्या दातांवर त्याने झीज थांबवायची, म्हणजे घसरू द्यायचं. प्लेटांमध्ये मात्र दाब आला की धातू आणि फ्रिक्शन मटेरियल एकमेकांना धरतील इतकंच घसरू द्यायचं. कारच्या तेलाला हे दुसरं काम नाहीच. कारचा क्लच इंजिनाच्या तेलात नसतो. त्यामुळे कारच्या पातळ तेलांत मायलेजसाठी फ्रिक्शन मॉडिफायर टाकतात: मॉलिब्डेनमची संयुगं, काही सेंद्रिय एस्टर. ही रसायनं पृष्ठभागाला चिकटून एक निसरडा थर बनवतात. इंजिनाला ते वरदान, क्लच प्लेटला शाप. ५डब्ल्यू३०, ०डब्ल्यू२० अशा डब्यांवर एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) गोल चिन्हाच्या खालच्या अर्ध्यात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' किंवा जुन्या डब्यावर 'एनर्जी कन्झर्व्हिंग' लिहिलेलं दिसलं की तो डबा बाइकसाठी परत ठेवा. 'सिंथेटिक आहे म्हणून क्लच स्लिप होतो' हे चूक आहे. सिंथेटिक हे बेस ऑइल, म्हणजे मूळ तेल. क्लच घसरतो तो त्यातल्या मॉडिफायरमुळे. एमए२ (वेट क्लचला चालणारा वर्ग, खाली सांगतो) असलेली उत्तम सिंथेटिक तेलं आहेत आणि एमए नसलेली मिनरल तेलंही आहेत.

हा घोळ जपानी बाइक कंपन्यांना नव्वदच्या दशकात जाणवला आणि १९९८मध्ये त्यांनी फोरस्ट्रोक बाइकच्या तेलासाठी वेगळं मानक काढलं, जासो टी ९०३. त्यात खऱ्या क्लच प्लेटा तेलात फिरवून तीन गोष्टी मोजतात: घसरत असतानाचं घर्षण, धरून ठेवलेली प्लेट सुटायच्या क्षणाचं घर्षण आणि फिरता भार थांबायला लागलेला वेळ. जास्त घर्षणवाली तेलं एमए, कमी घर्षणवाली एमबी. २००६च्या आवृत्तीत एमएचे एमए१ आणि एमए२ असे पोटभाग झाले. एमए२ सगळ्यात घट्ट धरतं. नुसतं 'एमए' लिहिलेलं तेलही वेट क्लचला चालतं. एमबी स्कूटरसाठी, कारण तिथे क्लच तेलात नसतो आणि कमी घर्षणाचा फायदा मायलेजला मिळतो. म्हणजे पंचगंगाकाठ, तुझ्या काउंटरवरचा स्कूटरचा १०डब्ल्यू३० ग्रेडवर बाद नाही, तो एमबी असण्यावर बाद आहे. हिरो-होंडाच्या बऱ्याच बाइकमध्ये १०डब्ल्यू३०च जातं, फक्त एमए असलेलं.

याच मानकात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्क्यांत बांधलेला आहे. खालची मर्यादा गिअर-कॅमची झीज थांबावी म्हणून, वरची सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपायला. तुझ्या आरएक्सला कन्व्हर्टर नाही, पण गिअर आहेत.

आता नव्वद. पहिला गैरसमज, नव्वद म्हणजे चाळीसच्या दुपटीहून जाड. तसं नाही. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी, इंजिन ऑइलची वेगळी. १०० अंश सेल्सिअसला एसएई ९० गिअर ऑइलची चिकटता १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक, एसएई ४० इंजिन ऑइलची १२.५ ते १६.३, एसएई ५०ची १६.३ ते २१.९. म्हणजे गरम झाल्यावर नव्वद नंबर हा चाळीस-पन्नासच्या आसपासच येतो. आकडे वेगळे ठेवलेत ते डब्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून, आणि आपण नेमकं त्याच आकड्यांनी गोंधळतो. सकाळी थंड असताना मात्र सरळ नव्वद, म्हणजे ज्याच्या पुढे ८०डब्ल्यू नाही ते, चांगलंच घट्ट असतं. प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात आणि पहिल्या गिअरला गाडी उडी मारते.

दुसरी गोष्ट, ॲडिटिव्ह. जीएल-५ गिअर ऑइल हे ट्रक-जीपच्या डिफरन्शियलमधल्या हायपॉइड गिअरसाठी असतं. तिथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली आडवे घासतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची एक्स्ट्रीम प्रेशर रसायनं भरपूर घालतात. जीएल-४मध्ये साधारण त्याच्या निम्मी. बाइकच्या गिअरबॉक्समध्ये सरळ दातांचे गिअर असतात, त्यांना या औषधाची गरज नाही. उलट ही रसायनं फ्रिक्शन प्लेटच्या बारीक छिद्रांत बसतात, प्लेट गुळगुळीत होते. गरम झाल्यावर पितळ-ब्राँझच्या बुशांनाही गंधक चांगलं नाही.

तुझं उत्तर: २०डब्ल्यू४०, एपीआयचा दर्जा एसएल किंवा त्याच्या वरचा, जासो एमए किंवा एमए२, साधं मिनरल. डब्याच्या मागे छोट्या चौकटीत जासोचं चिन्ह आणि एक कोड नंबर असतो तो बघ. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय ते सोडून दे. सिंथेटिकवर पैसे घालवू नकोस. टूस्ट्रोकच्या गिअरबॉक्समध्ये ना काजळी येते ना पेट्रोल मिसळतं, तेल खराब होतं ते क्लचच्या भुकटीने आणि गिअरच्या मारामुळे. स्वस्त चांगलं तेल लवकर लवकर बदललेलं बरं.

शाल्मली_निघाली (नाशिक)

हा प्रतिसाद कुणीतरी चिकटवून ठेवा. माझी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आहे, यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकाच पेटीत) वाली. तिच्यात तिन्ही घरं एकत्र आहेत ना? मला एकानी '१५डब्ल्यू५० महाग पडतं, पेट्रोल कारचं चांगलं ५डब्ल्यू३० टाका, इंजिन हलकं चालेल' असा सल्ला दिला होता. टाकलं नाही, पण का नाही ते आज कळलं.

केमिकल_लोचा

हो, यूसीईपासून एकच तेल. १५डब्ल्यू५०, जासो एमए. तेच ठेवा. एअर कूल्ड मोठं सिंगल सिलेंडर, उन्हाळ्यात नाशिक-मुंबई केलंत की ५डब्ल्यू३० वरच्या तापमानाला फार पातळ पडेल. क्लचचं दुखणं वेगळंच.

रस्त्यावरचा_राघू (पनवेल)

बारका प्रश्न. ट्रकचं डिझेल तेल, १५डब्ल्यू४०, बाइकमध्ये टाकणारे बरेच आहेत. त्यात मॉडिफायर नसतात म्हणतात. स्वस्तात पण पडतं.

केमिकल_लोचा

बऱ्याच १५डब्ल्यू४० डिझेल तेलांत मॉडिफायर नसतात हे खरं, आणि काही डिझेल तेलांवर जासो एमएही छापलेलं असतं. तसं छापलेलं असेल तर आरएक्सच्या गिअरबॉक्सला बिनधास्त. छापलेलं नसेल तर तुम्ही अंदाजावर आहात. फोरस्ट्रोक इंजिनात मात्र मी टाळेन, त्यातल्या जास्त डिटर्जंटमुळे जळल्यावर राख जास्त उरते. वाचणारे पैसे बघता जीवाला घोर कशाला?

चेतकस्वार (कराड)

धागा हायजॅक करतोय, माफी असावी. वडिलांची बजाज चेतक आहे, आकुर्डीची, टूस्ट्रोक. तिचा क्लच कोरडा की ओला? स्कूटर म्हणून एमबी चालेल का? गिअरबॉक्समध्ये काय घालतात यावर आमच्या पेठेत तीन मतं आहेत.

गॅरेज_मिरज

चेतकचा क्लच ओला. हॅंडलला गिअर असलेल्या जुन्या स्कूटरी वेगळ्या, आजच्या बिनगिअरच्या वेगळ्या. व्हेस्पाच्या घराण्यातली गाडी आहे ती. क्लच गिअरबॉक्सच्या तेलातच, मल्टीप्लेट. तेव्हा एमबी नको. एसएई ३० तेल, सुमारे पाव लिटर बसतं. वट्टात पाव लिटर! लोक 'जास्त घातलेलं बरं' म्हणून अर्धा लिटर ओततात आणि ते मागच्या चाकाच्या सीलमधून ब्रेक ड्रममध्ये उतरतं. मग मागचा ब्रेक लागत नाही म्हणून लायनर बदलतात, पुन्हा तेच. भरायच्या भोकातून लेव्हल बघ, स्कूटर सरळ उभी करून. तेल भोकाच्या कडेला आलं की थांब. एसएई ३० नाही मिळालं तर १०डब्ल्यू३० एमए घाल, चालतंय.

बुलेटकाका

मला केमिकलरावांचं पटलं. पण एक सांगतो, माझ्या येझदीत क्लच आणि गिअर एकाच तेलात होते आणि तिला पण नव्वद घालायचे. चालली ना दणकून?

गॅरेज_मिरज

काका, येझदी कशावर पण चालायची, तिच्यावर अभ्यास करू नका. :) त्या काळी तालुक्याच्या दुकानात जे पिंपातून मिळायचं ते घालायचे. आणि येझदीला गिअर टाकताना पाय दाबला की क्लच आपोआप सुटायचा, हातानं दाबायची पण गरज नव्हती. त्यामुळं क्लच थोडा चिकटत असला तरी कुणाला कळायचं नाही. माझ्याकडं आजही येझदी येते तिला मी २०डब्ल्यू४०च घालतो.

श्टुटगार्टचा_शेंगदाणा

इकडून थोडी भर. माझ्या जुन्या एअर कूल्ड बॉक्सर बीएमडब्ल्यूच्या गिअरबॉक्समध्ये हँडबुकात सरळ हायपॉइड गिअर ऑइल एसएई ९०, जीएल-५ लिहिलंय. कारण तिचा क्लच कोरडा, एक प्लेटचा, कारसारखा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे, आणि मागच्या चाकाला चेन नाही, शाफ्ट आहे, तिथे खरंच बेव्हल गिअर आहेत. म्हणजे जीएल-५ बाइकमध्ये अजिबात चालत नाही असं नाही. तुमचा क्लच कुठल्या तेलात उभा आहे ते आधी बघायचं.

युरोपात टूस्ट्रोक मोटोक्रॉस गाड्यांसाठी वेट क्लचवालं खास गिअरबॉक्स तेलही विकतात, मोटुलचं ट्रान्सऑइल १०डब्ल्यू३० वगैरे. त्यावर जीएल-४ छापलेलं असतं आणि वेट क्लचला चालतं असंही लिहिलेलं असतं. त्यामुळे 'जीएल लिहिलंय म्हणजे फेका' हेही बरोबर नाही. वेट क्लच हे शब्द शोधा.

गावगाडा_९२ (बार्शी)

ऑटोमॅटिक कारचं ते लाल एटीएफ तेल? आमच्या ग्रुपमध्ये एक भाऊ म्हणतो क्लच एकदम लोण्यावानी होतोय.

केमिकल_लोचा

क्लचपुरतं त्याचं म्हणणं निराधार नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये आत वेट क्लचचेच गठ्ठे असतात. जुन्या बुलेटच्या चेनकेसमध्ये काही जण एटीएफ घालतात, तिथे गिअर नसल्यामुळे खपून जातं. आरएक्समध्ये त्याच तेलावर गिअरचे दात आहेत. एटीएफ १०० अंशाला साधारण सात सेंटिस्टोकच्या आसपास असतं, २०डब्ल्यू४०च्या निम्मं. आपल्याकडच्या उन्हात मी घालणार नाही.

पंचगंगाकाठ

एवढं सगळं वाचून रविवारी बसलो. आधी केबल बघितली, ढिलाई बरोबर होती. गाडी थोडी फिरवून तेल गरम केलं, मेन स्टँडवर लावली, ड्रेन बोल्ट काढला. तेल काळं नव्हतं पण वास भयंकर, सडक्या लसणासारखा. बोल्टच्या टोकाला करडा लगदा चिकटलेला. चिमटीत चोळला तर मऊ, चकचकीत कण नाहीत. ताटलीच्या तळाला मात्र बारीक तपकिरी चुरा बसलाय. हे काय?

गॅरेज_मिरज

वास गंधकाचा, गिअर ऑइलचा तो वासच तसा. करडा लगदा म्हणजे गिअरची रोजची झीज, नॉर्मल. नखाएवढे चमकणारे तुकडे निघाले असते तर काळजी होती. तपकिरी चुरा म्हणजे क्लच प्लेटचं फ्रिक्शन मटेरियल. म्हणजे तुझा क्लच बऱ्याच दिवसांपासून घसरतोय, तेलाच्या आधीपासून.

जाता जाता बाकीच्यांसाठी: तेल दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय. २०१९च्या महापुरानंतर आमच्याकडं आलेल्या गाड्यांमध्ये चहाच निघायचा. तसं असेल तर स्वस्त २०डब्ल्यू४० भरा, थोडी चालवा, काढा, पुन्हा भरा, जोवर स्वच्छ निघत नाही तोवर. तसंच ठेवलं तर बेअरिंग गंजतात.

आता तुझं. झाकण खोल. स्प्रिंग बोल्ट आडवे-तिडवे थोडे थोडे सोड, एकच पूर्ण काढू नको. प्लेटा काढून बघ.

पंचगंगाकाठ

खोललं. फ्रिक्शन प्लेटा आरशासारख्या गुळगुळीत, नखानं ओरखडलं तर काही नाही. दोन स्टील प्लेटांवर निळसर डाग. आणि ज्यात प्लेटा बसतात त्या बाहेरच्या डब्याच्या बोटांवर खाचा पडल्यात, नख अडकेल एवढ्या. गास्केट फाटलं अर्थात.

गॅरेज_मिरज

गास्केट फाटणारच, नवीन आण, जुनं सिलिकॉन लावून बसवू नको.

दोन्ही तक्रारींचं उत्तर मिळालं बघ. प्लेटा गुळगुळीत, स्टील प्लेटा जळून निळ्या, म्हणून घसरतोय. आणि त्या डब्याला आम्ही बास्केट म्हणतो, त्याच्या बोटांवर खाचा पडल्या की प्लेटांची टोकं खाचेत अडकतात, क्लच दाबला तरी मोकळ्या सरकत नाहीत. म्हणून न्यूट्रल लागत नाही आणि पहिल्याला उडी. नव्वदनं सकाळी त्यात भर घातली, बाकी काम बास्केटचं. कुठलंबी तेल घातलं असतं तरी हा भाग सुटला नसता.

खाचा उथळ असतील तर बारीक कानसनं बोटांची कड सरळ कर, सगळीकडून सारखी, जास्त खाऊ नको. खोल असतील तर बास्केट नवीन. फ्रिक्शन प्लेटा नव्याच घाल, निळ्या पडलेल्या स्टील प्लेटा काचेवर ठेवून बघ, वाकलेली निघाली तर ती पण बदल. स्प्रिंगा जुन्या-नव्याची लांबी शेजारी ठेवून बघ. नवीन फ्रिक्शन प्लेटा बसवायच्या आधी रात्रभर त्याच २०डब्ल्यू४०मध्ये बुडवून ठेव. कोरड्या बसवल्या तर पहिल्या चढालाच करपतात.

शाल्मली_निघाली

जुन्या प्लेटा पॉलिश पेपरवर घासून वापरता येतात का? युट्यूबवर सगळे तेच दाखवतात.

गॅरेज_मिरज

फक्त वरवर गुळगुळीत झाल्या असतील, करपल्या नसतील आणि जाडी शिल्लक असेल तर. चुकीचं तेल लवकर लक्षात आलं तर असं वाचवता येतं: प्लेटा धुवायच्या, काचेवर बारीक पेपर ठेवून हलक्या हातानं घासायच्या, बरोबर तेल भरून थोडी चालवून ते पण काढायचं, मग पुन्हा नवीन. ज्यांचा चुरा ताटलीत बसतोय त्यांना घासून काय मिळणार.

तिसरा_कप

आणि काढलेलं तेल गटारात ओतू नका. गॅरेजवाल्याच्या पिंपात द्या, ते गोळा करणारे येतात.

पंचगंगाकाठ

बास्केट कानसली, प्लेटा-स्प्रिंगा नवीन, २०डब्ल्यू४० एमए२ घातलं. पेट्रोल पंपावरून घेतलं, सील बघून. न्यूट्रल आता बोटानं लागतंय. चौथ्यात पण ओढतीय. नाद खुळा!

एकच शंका. थोडे दिवस चालवल्यावर लेव्हल किंचित खाली वाटतीय. खाली फरशीवर एक थेंब नाही. धूर मात्र सकाळी जरा जास्त आहे, पांढरट.

गॅरेज_मिरज

बाहेर गळती नाही आणि तेल कमी होतंय म्हणजे ते आत जातंय. क्लचच्या बाजूचं क्रँकचं सील. क्रँककेसमध्ये पिस्टन वर गेला की ओढ तयार होते, सील कडक झालं असेल तर गिअरबॉक्सचं तेल त्या वाटेनं आत खेचलं जातं आणि जळतं. २टीचा धूर निळसर आणि गाडी तापली की कमी होतो. हा तापल्यावर पण राहतो आणि वास वेगळा, जड. प्लग काढून बघ, ओला आणि काळा निघाला तर खात्री धर.

तोवर लेव्हल आठवड्याला बघ आणि भरत रहा. जास्त जाड तेल घालून सील झाकायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नको. कोरडी पडली तर गिअरपण जातील.

बुलेटकाका

हेच म्हणणार होतो. नव्वद घातलं असतं तर हळू गळलं असतं. :)

गॅरेज_मिरज

काका!

नवीन_पाहुणा_७ (चिपळूण)

सगळा धागा वाचला. माझ्याकडे ॲक्टिव्हा आहे, तिला एमए२ घातलं तर पिकअप वाढेल का?

केमिकल_लोचा

नाही. तिचा क्लच कोरडा आहे, बेल्टच्या बाजूला. इंजिनाला १०डब्ल्यू३० एमबी, आणि मागच्या गिअरच्या पेटीत वेगळं, साधारण १२० मिली, तेही तेच तेल. ही मागची पेटी बहुतेक लोक वर्षानुवर्षं विसरतात, तेवढी बदलून घ्या.